लग्नाची सुपारी कधी घ्यायची? बँड, बँजो, डीजेवाल्यांनी वाजवण्याआधी तारीख विकायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लग्नातल्या वाजंत्रीच्या धंद्यावर बोललो. बँड, बँजो पार्टी, डीजे, हलगी, सनई-चौघडा, हळदीचा ऑर्केस्ट्रा, जागरण-गोंधळ, सगळं त्यात आलं. व्हिडिओत वेळ कमी पडला, त्यामुळे हिशोबाचा भाग आणि बुकिंगची पद्धत इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिलंय, पण तुमचा तालुका कुठलाही असो, गणित तेच आहे.

सुरुवात माझ्या घरातल्या एका गोष्टीने करतो.

मावसबहिणीचं लग्न आणि न आलेला बँजो

माझ्या मावसबहिणीचं लग्न दौंड तालुक्यात होतं. मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळचा. बँजो पार्टी दीड महिना आधी ठरवलेली, इसार दिलेला. पाच वाजता नवरदेव मारुतीच्या देवळापाशी तयार, घोडा तयार, पोरं नाचायला तयार. बँजो नाही. फोन लावला तर "निघालोय, पोचतोय". साडेपाच झाले, सहा झाले. शेवटी मामांनी गावातल्याच हलगीवाल्यांना हातापाया पडून आणलं आणि परण्या काढला. बँजोचा टेम्पो आला रात्री आठला. तोपर्यंत अक्षता पडून पंगती उठत होत्या.

काय झालं होतं? त्या पार्टीने त्याच दिवशी दुपारची एक सुपारी शिरूरच्या बाजूला घेतली होती. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. कागदावर बघितलं तर दोन्ही कामं आरामात बसत होती. दुपारी दोनला मोकळे, तिथून न्हावरा-चौफुला रस्त्याने साडेचारला हजर. पण आपल्याकडे १२.३५ चं लग्न कधी १२.३५ ला लागतं का? पुढाऱ्यांचे आशीर्वाद, सत्कार, पाहुण्यांची वाट बघणं. लग्न लागलं दोनला. मग जेवणं झाली, आणि त्या घरच्यांनी "आता निघताना अर्धा तास वाजवा" म्हणून टेम्पो अडवला.

काही महिन्यांनी तो मालक मला भेटला. मी विचारलं, "दादा, तुम्हाला माहीत होतं ना वेळ पुरणार नाही?" तो म्हणाला, "सर, माहीत होतं. पण दाट तिथ होती, दोन्ही घरं ओळखीची. नाही म्हणायला जीभच उचलली नाही."

त्या एका संध्याकाळचे पैसे त्याने परत केले, ते फार नव्हते. पण आमच्या त्या लग्नात दहा-बारा गावांचे पाहुणे होते. त्या गावांत त्याचं नाव निघालं की आजही लोक म्हणतात, "तो? तो येत नाय वेळेवर." हा माणूस वाजवायला उत्तम होता. त्याचा धंदा वादनामुळे मागे पडला नाही, तारखेमुळे पडला.

तुमचा माल म्हणजे तारीख

किराणा दुकानात आज साखर विकली गेली नाही, तर उद्या विकता येते. तुमची आजची तारीख रिकामी गेली, तर ती कायमची गेली. उद्या ती कोणी घेणार नाही. आणि एक तारीख एकदाच विकता येते. दोनदा विकली की मावसबहिणीच्या लग्नासारखं होतं.

म्हणजे या धंद्यात दोनच चुका सगळ्यात महाग आहेत:

- चांगली तारीख रिकामी जाणं किंवा स्वस्तात जाणं
- एकच तारीख दोघांना देणं

स्पीकर कुठल्या कंपनीचा, लाइट किती, टेम्पोवर नाव कसं रंगवायचं, हे सगळं यानंतर येतं. आधी तारखा.

वर्षाचा नकाशा आधी समजून घ्या

आपल्याकडे लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर उघडतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बंद होतो. मधे पौष महिन्यात बरीच घरं लग्न टाळतात. माघ-फाल्गुनात कामं असतात. खरी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, पाहुण्यांना सुट्ट्या, शेतातली रब्बीची कामं उरकलेली. आपल्या पट्ट्यात उसाच्या आणि कांद्याच्या पैशांवरही लग्नाची तारीख हलते. ज्या घराला कारखान्याच्या बिलाची वाट बघायची असते, ते तारीख पुढे धरतं.

पण दर वर्ष सारखं नसतं, आणि इथेच नवीन पोरं फसतात. दोन उदाहरणं बघा.

मे-जून २०२४ मध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता. ऐन उन्हाळ्यात मुख्य मुहूर्तांची चणचण. ज्यांनी "मे महिन्यात पैसे येतीलच" म्हणून हप्त्यावर सामान उचललं होतं, त्यांनी पंचांग आधी उघडलं असतं तर हा खड्डा दिसला असता.

दुसरं उदाहरण २०२६ चं. अधिक ज्येष्ठ महिना १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्नं लावत नाहीत. म्हणजे मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पूर्वार्ध कोरा. आषाढी एकादशी २५ जुलैला. त्यामुळे उन्हाळ्यातली लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटणार, आणि राहिलेली निज ज्येष्ठात, म्हणजे पावसाच्या तोंडावर जाणार. त्या वर्षासाठी पहिल्या पंधरवड्याचा दर काय, आणि जूनच्या शेवटच्या कामांसाठी ताडपत्री आणि वायरिंगची सोय काय, याचा विचार आधीच्या दिवाळीत व्हायला हवा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो होत नाही.

तुमचा पंचांगावर विश्वास असो-नसो, तुमच्या गिऱ्हाइकाचा आहे. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज लागतो, तसं तुम्हाला पंचांग लागतं. दिवाळीच्या सुमारास नवीन वर्षाची कॅलेंडरं बाजारात येतात. त्याच आठवड्यात एक घरात टांगायला घ्या आणि एक खास धंद्यासाठी.

गावच्या जत्रा विसरू नका

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात. छबिन्याला बँड लागतो, पालखीला हलगी लागते. म्हणजे ज्या दिवसांत लग्नं दाट, त्याच दिवसांत जत्रेचंही काम. एखाद्या गावच्या यात्रेच्या दिवशी त्या गावचे वादक तुम्हाला मिळणारच नाहीत, ते त्यांच्या देवापुढे वाजवणार. त्यामुळे तुमच्या पार्टीतल्या प्रत्येक पोराच्या गावची यात्रा कॅलेंडरवर लिहून ठेवा. "ऐनवेळी क्लॅरिनेटवाला आला नाही" ही तक्रार बहुतेक वेळा आधीच दिसणारी असते.

नारायणगावकडून शिका

आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं तिथे येतात, या राहुटीत बसतात, त्या राहुटीत बसतात, तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. 

यात शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

एक, विक्रीचा हंगाम आणि कामाचा हंगाम वेगळा असतो. फडमालक राहुटीत बसून आधी तारखा विकतात, मग रस्त्याला लागतात. तुम्ही मात्र वाजवता-वाजवता फोन उचलता, आणि त्या गोंगाटात "हो हो, जमेल" म्हणून टाकता. तिथेच डबल बुकिंग होतं.

दोन, गिऱ्हाइकाला माहीत असतं की कुठे आणि कधी भेटायचं. तुमची राहुटी कुठली? दुकान नसेल तर निदान एक फोन नंबर, एक माणूस, ठरलेली वेळ. "बुकिंगसाठी सकाळी ९ ते ११ फोन करा" एवढं टेम्पोवर लिहिलं तरी फरक पडतो.

तीन, एकाच वहीत सगळं. दहा माणसांनी तारखा घेतल्या आणि वह्या दहा असल्या की घोळ नक्की. मालक एक, वही एक.

दौंड तालुक्यातलं चौफुला संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी ओळखलं जातं, ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे करमणुकीचा धंदा या पट्ट्याला नवा नाही. नवं आहे ते कर्ज काढून उचललेलं लाखोंचं सामान. त्यामुळे आता चूक परवडत नाही.

गिऱ्हाईक कधी येतं? तीन प्रकार ओळखा

पहिला, लवकर येणारा. मुलगा रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत किंवा पुण्यात नोकरीला. सुट्टी आधी टाकायची असते, पाहुणे शहरातले. कार्यालय किंवा लॉन चार-सहा महिने आधी धरतो. रविवार हवा असतो. हा लेखी मागतो, फोटो मागतो, भाव तुलना करून बघतो.

दुसरा, मधला. शेतकरी कुटुंब. स्थळ जमलं, सुपारी फुटली, तारीख काढली, बस्ता बांधला, की महिना-दीड महिन्यात लग्न. आधी कार्यालय, मग आचारी, मग मंडप, आणि शेवटी वाजंत्री. आपल्या धंद्याचं मुख्य गिऱ्हाईक हेच.

तिसरा, ऐनवेळचा. "पाव्हणं, परवा हळद हाय, पोरं आयकत न्हाईत, कायतरी करा." याचं आधीचं ठरलेलं मोडलेलं असतं किंवा मन बदललेलं असतं. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळाचं कामही बऱ्याचदा असंच लग्नाच्या मांडवातच ठरतं. जेजुरी शेजारच्याच पुरंदर तालुक्यात, त्यामुळे आपल्याकडे खंडोबाचं जागरण घालणारी घरं भरपूर. वाघ्या-मुरळी आणि गोंधळी मंडळींशी तुमची ओळख असेल तर लग्नाच्या एका कामातून दुसरं काम जोडता येतं.

आता मुद्दा असा. सगळ्या दाट तिथी पहिल्या प्रकाराला जुन्या दराने देऊन बसलात, तर दुसरा आणि तिसरा आला तेव्हा विकायला काही नसतं. आणि "शेवटी जास्त भाव मिळेल" म्हणून सगळ्या राखून ठेवल्या, तर काही तारखा रिकाम्या जातात. मधला रस्ता काय?

लाल, पिवळा, पांढरा

कॅलेंडरवर तीन रंगांचे स्केचपेन वापरा.

लाल: दाट तिथी. मुहूर्त चांगला आणि वार रविवार किंवा सुट्टीचा. अक्षय्य तृतीयेसारखा साडेतीन मुहूर्तातला दिवस यातच. नियम: दर पूर्ण, घासाघीस नाही. निम्मी रक्कम इसार. इसाराशिवाय तारीख कोणालाही धरून ठेवायची असेल तर फक्त दोन दिवस, नातेवाईक असला तरी.

पिवळा: मुहूर्त आहे पण आडवार. तीस टक्के इसार. तारीख चार दिवस धरून ठेवायला हरकत नाही.

पांढरा: मुहूर्त नाही किंवा काढीव मुहूर्त. इथे काम मिळालं तर चांगलंच. पण दर पाडू नका. त्याऐवजी वेळ वाढवून द्या, हळदीला एक तास जास्त, किंवा दोन लाइट जास्त. एकदा दर पाडला की तोच दर दाट तिथीला ऐकवला जातो: "आमच्या चुलत्याकडं एवढ्यात वाजवलं की!"

आणि वहीत दोन रकाने ठेवा: धरलेली आणि पक्की. पेन्सिलीने लिहिली ती धरलेली, इसार हातात आल्यावर पेनाने लिहिली ती पक्की. दोन दिवस झाले की पेन्सिल खोडायची, पण त्याआधी एक फोन करायचा: "मामा, तुमच्या तारखेला दुसरं गिऱ्हाईक आलंय. तुमचा मान पहिला. संध्याकाळपर्यंत इसार टाका." हा फोन केला तर कोणी रागावत नाही. न करता तारीख दुसऱ्याला दिली की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

एका दिवसात दोन कामं? तीन अटींवर

दुपारचं आणि गोरजचं अशी दोन कामं एका दिवसात घेणं चूक नाही. मोह होणारच, कारण दाट तिथी मोजक्याच असतात. पण तीन अटी पाळा.

१. दुपारचा मुहूर्त कागदावर काहीही असो, तुम्ही मोकळे व्हाल ते साडेतीनला असं धरा.
२. दोन्ही ठिकाणं एकाच रस्त्यावर असावीत. शिक्रापूर आणि रांजणगाव जमेल, यवत आणि केडगाव जमेल. शिरूर आणि दौंड, मधे भीमा आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, हे जमवायला जाऊ नका.
३. दुपारच्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा: "साडेतीनला आमचा टेम्पो हलणार." हे पावतीवर लिहा आणि नवरदेवाच्या मामाला तोंडी सांगा. मांडवात पैसे देणारा वडील असतो, पण गाडी अडवणारा मामा असतो.

यातली एक जरी अट बसत नसेल तर "नाही" म्हणा. पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवू नका. म्हणा, "दादा, त्या दिवशी मी वेळेवर पोचायची हमी देऊ शकत नाही. तुमचं कार्य महत्त्वाचं. मी तुम्हाला दुसरी चांगली पार्टी देतो, त्यांच्याशी बोलतो." तालुक्यातल्या तीन-चार पार्ट्यांशी आपसांत असं ठरवून घ्या. आज तुम्ही त्यांना काम दिलं, उद्या ते देतील. आणि कधी टेम्पो बंद पडला तर पळत येणारं कोणीतरी असेल.

कर्जाआधी हा हिशोब करा

मागच्या शिबिरात शिरूर तालुक्यातला एक मुलगा भेटला. "सर, सहा लाखांचा सेट बघितलाय. बँक तयार आहे. घेऊ का?" आम्ही दोघांनी मिळून फळ्यावर हिशोब मांडला. आकडे आम्ही अंदाजाने धरले, तुम्ही तुमचे घाला.

धरा, कर्ज ६ लाख, तीन वर्षं, व्याज वर्षाला १२ टक्के. हप्ता महिन्याला साधारण २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार.

धरा, वर्षाला ४५ कामं, प्रत्येकी १५ हजार. टेम्पो, डिझेल, जनरेटर, चार पोरांची हजेरी आणि जेवण मिळून खर्च ८ हजार. एका कामामागे उरले ७ हजार. वर्षाचे ३ लाख १५ हजार.

हप्ते वजा केले: उरले ७५ हजार. म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार. स्पीकर जळला, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला गेला, तर त्यातूनच.

आता दुसरी बाजू. सेट विकत न घेता कामापुरता भाड्याने घेतला, धरा ४ हजार भाडं. एका कामामागे उरले ३ हजार. ४५ कामांचे १ लाख ३५ हजार. कर्ज नाही, रात्रीची झोप आहे.

मग विकत घेणं कधी परवडतं? २ लाख ४० हजारांना ४ हजारांनी भागा. उत्तर ६०. म्हणजे या हिशोबात वर्षाला ६० पक्की कामं होईपर्यंत भाड्याचा सेटच बरा. तीन वर्षांनी सेट तुमचा होतो हे खरं, पण ती तीन वर्षं तग धरायला तारखा भरलेल्या हव्यात.

तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे माझ्याकडं सामान कमी नाही, तारखा कमी आहेत." मी त्याला एवढंच सांगितलं: या हंगामात वही भर, ६० चा आकडा दिसला की बँकेत जा. बँक कुठे पळून जात नाही.

पावती: अर्ध्या पानात भांडण मिटतं

इसार घेतला की लगेच पावती द्या आणि तिचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्यात एवढं असू द्या:

- तारीख, वार, गाव, कार्यालयाचं नाव
- कामं कोणती: हळद, परण्या, वरात, जागरण
- पोचायची वेळ आणि थांबवायची वेळ
- माणसं किती, सामान कोणतं
- एकूण रक्कम, इसार, बाकी कधी (बाकी अक्षता पडायच्या आधी घ्या, वरातीनंतर माणूस सापडत नाही)
- जादा तासाचा दर
- जेवण आणि जनरेटरचं डिझेल कोणाकडे
- रद्द झालं तर काय

शेवटचा मुद्दा सगळे टाळतात. लग्न मोडतं, घरात सुतक पडतं, सरकारचा नियम बदलतो. एप्रिल २०२१ आठवा. राज्यात लग्नाला फक्त २५ माणसं आणि दोन तास, असा नियम आला होता. कितीतरी वाजंत्र्यांचे इसार त्यात अडकले आणि कितीतरी घरांशी त्यावरून वाद झाले. माझी शिफारस सोपी आहे. सुतक किंवा सरकारी बंदी असेल तर तारीख वर्षभरात एकदा फुकट बदलून द्या. गिऱ्हाइकाने स्वतःहून रद्द केलं तर ती तारीख दुसऱ्याला विकली गेल्यास इसार परत, नाही गेली तर नाही. आणि तुम्हीच पोचला नाहीत तर इसार परत आणि वर भरपाई. हे तिसरं कलम स्वतःहून लिहा. गिऱ्हाईक त्यावरच विश्वास ठेवतं.

कायदा: रात्री दहा म्हणजे दहा

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, त्यासाठी आधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन या. बुकिंग घेतानाच विचारा, "परवानगी कोण काढणार?" आणि उत्तर पावतीवर लिहा. गोरज लग्नाची वरात दहाच्या आत संपवायची असेल तर ती किती वाजता निघाली पाहिजे, हे तुम्हीच घरच्यांना सांगा. जप्ती आली तर सामान तुमचं जातं, नवरदेवाचं नाही.

एक दिलासा. लग्नात गाणी वाजवली म्हणून कोणी परवान्याचे पैसे मागायला आलं तर घाबरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसं स्पष्टही केलं आहे.

उद्यम नोंदणी फुकट आहे, करून ठेवा, कर्जाच्या वेळी कामाला येते. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते.

अजून एक, कायद्यातलं नाही पण काळजीतलं. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. रात्री काम संपवून परत येताना पोरांना दुचाकीवर सुटं सोडू नका. सगळे टेम्पोत, दारापर्यंत. हा खर्च दरात धरा.

चातुर्मासात काय?

हप्ता चातुर्मास पाळत नाही. गणपती आणि नवरात्राच्या सुपाऱ्या उन्हाळ्यातच बोलून ठेवा. लग्नाच्या मांडवात मंडळाची पोरं असतातच. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाला कीर्तनासाठी साधा, स्वच्छ आवाजाचा सेट लागतो, त्याला मोठे बेस लागत नाहीत. वास्तुशांत, बारसं, निवृत्तीचा कार्यक्रम, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. वरच्या हिशोबात अशी दहा कामं जरी वाढली, तरी वर्षाला ७० हजार वाढतात, म्हणजे हप्ते भरून उरणारी रक्कम जवळजवळ दुप्पट.

आज रात्रीचं काम

१. एक कॅलेंडर घ्या. तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत लाल, पिवळा, पांढरा रंगवा.
२. पार्टीतल्या प्रत्येकाच्या गावची यात्रा त्यावर लिहा.
३. लाल तारखा मोजा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या धंद्याचं गोदाम तेवढंच आहे.
४. वरचा कर्जाचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा. "किती कामांनंतर विकत घेणं परवडतं" हा आकडा काढा.
५. पावतीचा नमुना हाताने लिहून काढा. छापायची घाई नको, आधी पाच गिऱ्हाइकांवर वापरून बघा.
६. तालुक्यातल्या दोन पार्ट्यांना फोन करा आणि आपसांत कामं द्यायचं ठरवा.

पुढच्या व्हिडिओत आपण मंडप आणि केटरिंगवाल्यांच्या इसाराचं गणित बघू. तोपर्यंत ती वही भरायला घ्या, आणि उद्या फोन आला की "हो" म्हणायच्या आधी ती उघडून बघा.